चोथा

“आणि हे बघ, तो लाल थर्मास पुढच्या शनिवारी आठवणीनं घेऊन ये,” आई म्हणाली, आणि लिफ्टचं दार बंद झालं.

मोक किन-साङच्या हातात त्या दिवसाचा थर्मास होता, स्टीलचा, कापडी पिशवीत उभा ठेवलेला. पिशवीतून गुडघ्याला ऊब लागत होती. पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, लुक काकू ढकलगाडी ओढत आत आल्या. आधी त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “कमळकाकडी ना आज? वासावरून कळतंय. नशीबवान आहेस बाबा. माझी सून मला पाकिटातलं सूप पाजते.” तो हसला. आपल्याला हसता येतंय याचं त्याला बरं वाटलं. चोई हुंग वसाहतीतल्या या इमारतीत कोण काय घेऊन कुठं चाललंय हे लुक काकूंना ठाऊक नसेल तर ते घडलंच नाही असं समजायला हरकत नव्हती. अकरा महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारीही त्यांनी आईला याच लिफ्टमध्ये पाहिलं असणार, लाल थर्मास छातीशी धरून निघालेली. कुणासाठी, म्हणून विचारलं असणार. सुनेसाठी, असं आई मान ताठ करून म्हणाली असणार. खाली उतरल्यावर तो बसथांब्याकडे गेला नाही. बास्केटबॉलच्या मैदानाकडेला एक बाक होतं, त्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. अकरा महिन्यांत आईनं त्या थर्मासचं नाव काढलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, ती मनात समजून आहे, म्हणून तर गप्प आहे. दोघांच्या त्या गप्प राहण्यावर त्यानं आपलं वर्ष कसंबसं उभं केलं होतं. आणि आता ती तो थर्मास परत मागत होती, शेजारी दिलेली वाटी मागावी तितक्या सहज.

थर्मास त्याच्या घरीच होता. ताइ वाइ भागातल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या कपाटात, न वापरलेल्या पातेल्यांच्या मागे, त्यावरची फुलं भिंतीकडे वळवून. तो तिथं त्यानंच ठेवला होता, पुई-वान गेली त्या दिवशी दुपारी. बायको गेल्यावर माणूस पहिल्या दिवशी काय काय करतो हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगायला लाज वाटली असती. त्यानं स्टूल घेतलं, वर चढला आणि एक थर्मास लपवला. पुई-वान गेली ती सोमवारी सकाळी पावणेसातला, दाराशी बसून बूट घालताना. इस्पितळात डायलिसिसच्या मशीनवर जायचा दिवस होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार-चार तास तिचं रक्त नळीतून बाहेर यायचं, केसांहून बारीक पोकळ धाग्यांच्या जुडग्यातून फिरून परत अंगात जायचं. शुक्रवार ते सोमवार ही फट सगळ्यात रुंद. त्या दोन दिवसांत रक्तात जे साठेल ते साठेल. एक बूट तिनं घातला होता, दुसऱ्याची नाडी हातात होती. तो आतल्या खोलीत तपासलेल्या वह्या बॅगेत भरत होता आणि “निघायचं का?” असं त्यानं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा जरा चिडूनच. नंतर इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं की पोटॅशियम फार चढलं होतं, त्यानं हृदय थांबलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, “काल काय खाल्लं होतं त्यांनी? कधीकधी काही न खाताही चढतं म्हणा, या दोन दिवसांच्या फटीत.” यातला पहिला अर्धा भागच किन-साङच्या कानात शिरला. काल म्हणजे रविवार. रविवारी शाळेत पालकभेट होती. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सिंकशेजारी लाल थर्मास धुऊन फडक्यावर पालथा घातलेला होता. “आई येऊन गेल्या,” पुई-वान म्हणाली होती. तिचा चेहरा तेव्हा भरल्या पोटाच्या माणसाचा होता. किती दिवसांनी तो तसा दिसला होता. त्यानं काही विचारलं नव्हतं. आणि डॉक्टरला तो म्हणाला, “मला माहीत नाही.”

आईचं सूप म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगता येणं कठीण. त्या घरात कुणी कुणाला कधी प्रेमाचा शब्द बोललं नव्हतं. बोलायचं असलं की म्हणत, सूप पी. वडील गोदीतल्या कामावरून हात मोडून आले तेव्हा आईनं एवढंच म्हटलं होतं. तो पहिल्यांदा परीक्षेत नापास झाला तेव्हा तिनं निकालाचा कागद उलटा ठेवला, वर वाडगा ठेवला आणि म्हणाली, सूप पी. मातीच्या भांड्यात डुकराची हाडं, कमळकाकडी, गाजर, लाल खजूर, वाळवलेल्या माशाचा एखादा तुकडा, आणि मंद आचेवर तीन तास. झाकण उघडायचं नाही. जीव सगळा पाण्यात उतरू द्यायचा. मग ते पाणी वाडग्यात, आणि राहिलेला चोथा वेगळ्या बशीत, सोया सॉसचे चार थेंब टाकून टेबलाच्या कडेला सरकवलेला. तो कुणी खाल्ला तर खाल्ला, नाहीतर टाकून द्यायचा. जीव गेलेल्या वस्तूला कोण विचारतं. पुई-वानला त्यानं पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आईनं तिच्या मनगटांकडे पाहिलं, “फारच बारीक आहे,” असं तिच्यासमोरच म्हटलं आणि वाडगा भरला. पुई-वाननं तीन वाडगे घेतले. तिची आई ती सहा वर्षांची असताना गेली होती, घरात सगळे कामावर जाणारे, चूल पेटायची ती नूडल्सपुरती. घरी परतताना बसमध्ये ती त्याला म्हणाली होती, “लग्न तुझ्याशी करतेय असं समजू नकोस हं. मी त्या भांड्याशी करतेय.” तो तेव्हा फार हसला होता. चोवीस वर्षं दर शनिवारी ती सासूच्या टेबलाशी बसून वाडग्यावर वाडगे रिचवत आली आणि सासू तिच्याकडे बघत बसे. मूल झालं नाही त्या वर्षांतही आईनं कधी वाकडा शब्द काढला नाही. फक्त सुपात काही काळ कडू मुळ्या लागत.

मग किडन्या गेल्या. पहिलं वर्ष घरच्या घरी पिशव्यांवर निघालं: पोटात नळी, दिवसातून चार वेळा औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, काढून टाकायचं. पोटातल्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण आपोआप त्या पाण्यात जाते. बाहेर आलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून बघायची. खालची अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. पुई-वान मुद्दाम घोड्यांच्या शर्यतीचं पान पसरायची आणि पिशवीतून वाचून दाखवायची, पाचव्या शर्यतीत कोण पळणार ते. किन-साङला ते सगळं, सांगायला नको पण, आवडलं होतं. सव्वीस वर्षं तो शाळेत हेच शिकवत होता. जिथं जास्त आहे तिथून जिथं कमी आहे तिकडे. कुणी ढकलावं लागत नाही, कुणी ओढावं लागत नाही. आता ते त्याच्या घरी, त्याच्या बायकोच्या पोटात चाललं होतं आणि त्याचे नियम त्याला पाठ होते. माणसाला वाटतं की जे कळतं ते आपल्या हातात असतं. दुसऱ्या वर्षी पोटात संसर्ग झाला, पडदा खराब झाला, आणि मग मशीन. मशीन आल्यावर जेवण बदललं. इस्पितळातली आहार सांगणारी बाई, अगदी कोवळी पोर, तिनं तिघांना समोर बसवून सांगितलं होतं: भाजी बारीक चिरा, दोन तास भिजवा, उकळा, पाणी फेका, हवं तर परत उकळा, परत फेका. पोटॅशियम पेशीच्या आत कोंडलेलं असतं, उकळलं की पेशी फुटते, ते पाण्यात उतरतं. आणि सूप? सूप अजिबात नाही. हाडांचं नाही, भाजीचं नाही, एक वाडगाही नाही. आई बघतच राहिली. “म्हणजे चोथा खायचा आणि सूप फेकायचं?” तिनं विचारलं. “हो आजी,” पोर म्हणाली. बाहेर आल्यावर आई लिफ्टसमोर म्हणाली, “हिच्या आईनं हिला काही शिकवलेलं दिसत नाही.” त्या संध्याकाळी किन-साङनं आईच्या टेबलावर कागद पसरला, एक चौकोन काढला, चौकोनात ठिपके काढले, बाहेर कमी ठिपके, मग बाण. अर्धा तास समजावलं. आईनं कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “तीन तास उकळायचं ते फेकायला? शाळेतलं शाळेत ठेव, आ-साङ.” त्यामुळे त्या सोमवारी दोष कुणाचा हे त्याला शोधावं लागलं नाही. सगळं आधीपासून तयारच होतं.

बाकावर बसून त्याला थंडी वाजायला लागली तेव्हा तो उठला. बसमध्ये थर्मास मांडीवर होता. घरी आल्यावर त्यानं दर शनिवारी करायचा तेच केलं: झाकण उघडलं, तोंड बाजूला केलं, आणि सूप सिंकमध्ये ओतलं. आधी वरची तेलाची चकती, मग पाणी, मग शेवटी गाजराचे दोन-तीन तुकडे जाळीवर अडकलेले. ते बोटांनी उचलून केराच्या डब्यात टाकले. वाफ खिडकीच्या काचेवर बसली. अकरा महिन्यांचं सूप त्या मोरीतून गेलं होतं. आईच्या टेबलाशी तो आता जेवायला बसत नसे. शाळेचं काम आहे म्हणे, आणि थर्मास उचलून निघे. पुढच्या शनिवारी रिकामा परत करताना ती विचारी, “कसं झालं होतं? मीठ?” तो म्हणे, “छान झालं होतं. मीठही बरोबर.” ब्याऐंशी वर्षांच्या बाईला, आपल्याला जन्म दिलेल्या बाईला, तू माझ्या बायकोला मारलंस असं कसं म्हणतात? तसं म्हणता येत नाही. मग माणूस सूप ओततो. त्याला तिचा राग येई आणि त्या रागाची इतकी सवय झाली होती की सकाळी उठल्यावर तो आधी राग जागेवर आहे ना हे चाचपून बघे. राग होता तोवर दिवस सरत. रागाच्या तळाशी अजून एक गोष्ट होती, तिच्याकडे मात्र तो बघत नसे. बघितलं असतं तर तिथं शनिवारची संध्याकाळ होती, पुई-वान मरायच्या दोन दिवस आधीची. ती बर्फाचा खडा चघळत होती. तहान लागली की पाण्याऐवजी तेवढंच चाले. चघळता चघळता म्हणाली, “आ-साङ, अर्धी वाटी सूप दे ना. आईंकडून आण. अर्धीच.” त्यानं पेन घेतलं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चौकोन काढला. ती म्हणाली, “सर, मी दहावी ब नाही. अर्धी वाटी मागतेय, पदवी नाही मागत.” त्यानं ठिपके पूर्ण केले. आज किती चढलं असेल, परवापर्यंत किती चढेल, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं सर.” मग उठून खिडकीशी गेली. तो बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर तो बरोबरच होता.

बुधवारी त्याच्या वर्गात नेमका तोच धडा निघाला. तो पुढं ढकलता आला असता, ढकलला नाही. काचेच्या चंचुपात्रात पाणी, त्यात जांभळ्या खड्याचा एक कण. कण तळाशी गेला आणि मागे जांभळी रेघ सोडून बसला. मग रेघेच्या कडा मऊ झाल्या, रंग वर आला, बाजूला गेला. मुलं पुढं वाकून बघत होती. दरवर्षी वाकतात. कुणी हलवलेलं नसताना काहीतरी चालतं याचं मुलांना कौतुक असतं. मोठ्यांना त्याची भीती वाटते, असं त्याला आज वाटलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. “मोक सर, मग हे थांबतं कधी?” “दोन्हीकडे सारखं झालं की.” “म्हणजे आपल्या अंगातही सारखं झालं की थांबणार?” तो म्हणाला, “आपलं अंग सारखं होऊ देत नाही. पेशी पोटॅशियम आत धरून ठेवते, सोडियम बाहेर हाकलते, दिवसरात्र तेच करत असते. त्यासाठीच तर आपण जेवतो.” “आणि ती दमली तर?” मागून कुणी तरी हसलं. तो म्हणाला, “दमली की सारखं होतं,” आणि फळ्याकडे वळला. फळ्यावर चौकोन काढला, ठिपके काढायला लागला आणि तिसऱ्या ठिपक्याशी हात थांबला.  त्याला ती दारात बसलेली दिसली, हातात नाडी. सगळं आयुष्यभर आत धरून ठेवलेलं एका सकाळी सुटून गेलं होतं, आणि पलीकडच्या खोलीत तो वह्या भरत होता. “उरलेलं घरून काढून आणा,” तो मुलांना म्हणाला.

शनिवारी स्टुलावर चढून त्यानं लाल थर्मास काढला. पुसला. फुलांवर धूळ नव्हती, कपाट बंदच होतं. बसमध्ये त्यानं मनाशी वाक्यं जुळवली. आज ती जर थर्मासबद्दल काही बोलली तर तोही बोलणार होता. काय बोलणार हे त्याला माहीत नव्हतं, पण छातीत काही तरी घट्ट बसलं होतं आणि आज ते सुटलं तर त्याच्यामागून आईही सुटेल, कायमची, एवढं त्याला कळत होतं. दोघंच उरले होते. ती गेली की तो एकटा. बसच्या खिडकीतून चोई हुंगच्या रंगीत इमारती दिसायला लागल्या तेव्हा तो थांब्याआधीच उठून उभा राहिला.

आई स्वयंपाकघरात होती. मातीचं भांडं मंद आचेवर होतं, खिडकीची काच धुरकटलेली. तिनं थर्मास हातात घेतला, झाकण फिरवून उघडलं आणि नाक आत घातलं. “झाकण लावून ठेवलास ना? वास धरलाय बघ. पन्नाशी उलटली तरी एवढं कळत नाही. थर्मास उघडा ठेवायचा असतो.” तिनं मूठभर तांदूळ आत टाकले, वर कढत पाणी ओतलं आणि थर्मास दोन्ही हातांनी धरून खळखळवायला लागली. 

“हाच कशाला हवाय?” त्यानं विचारलं.

“मग कुठला? तिच्यासाठी हाच असायचा. गुरुवारी छिंग मिंग आहे, पितरांपुढं जेवण ठेवायचं, तिचं पहिलंच. फुलं तू आण. भाजलेलं डुक्कर मी लुकच्या भावाकडे सांगून ठेवलंय. सूप मी नेणार.”

“सूप.” त्याचा आवाज चढला आणि त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. “तिच्या अस्थींपुढं सूप ठेवणार तू? तू?”

आईनं वर पाहिलं नाही. ती थर्मास खळखळवत होती. “मग? आता चालतंय की तिला. मेलेल्या माणसाला कसली आलीय किडनी? जिवंत होती तोवर दोन वर्षं चोथा घातला बिचारीला. आता तरी पाणी पिऊ दे.”

तो उभा होता तो स्टुलावर बसला. गॅसवर भांडं हळू आवाजात उकळत होतं.

“चोथा?”

“चोथाच. अजून काय घालणार? तू नाही का ते चित्र काढलंस, ठिपके ठिपके. मला मेलं काही कळलं नाही. मग एकदा पुई-वान म्हणाली, आई, कमळकाकडीचं चांगलं सगळं पाण्यात उतरतं ना, मग माझ्यासाठी जे वाईट आहे तेही पाण्यातच उतरतं. झालं. एका वाक्यात कळलं. तुझं अर्धा तास चाललं होतं.” ती थांबून दम घेत म्हणाली. “महिन्यातून एक-दोनदा नेऊन द्यायची, तू शाळेत असलास की. बारीक चिरून, दोन पाणी काढून. त्या पोरीनं सांगितलं तस्संच.”

“पण थर्मासमधून?”

“मग डब्यातून नेऊ? लिफ्टमध्ये लुक असते. डब्यात चोथा दिसला असता तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीत झालं असतं, मोकची म्हातारी सुनेला गाळ खाऊ घालते म्हणून. थर्मास दिसला की सूप. कोण झाकण उघडून बघतंय?”

कोण झाकण उघडून बघतंय. त्यानंही बघितलं नव्हतं. धुतलेला, पालथा थर्मास बघून एका क्षणात त्यानं सगळा निकाल लावला होता आणि स्टुलावर चढून तो कपाटात ठेवला होता. “आणि पाणी?” त्यानं विचारलं, काही तरी विचारायचं म्हणून.

“पाणी मी प्यायची. पहिलंही, दुसरंही. तीन तास उकळलेलं मोरीत ओतायचं होय? मला नाही जमत तसलं.”

तो सिंककडे बघत राहिला. ते आईचं सिंक होतं, त्याचं नव्हतं, तरी. मग त्यानं हळूच विचारलं, “त्या रविवारी काय नेलं होतंस?”

“कमळकाकडी, गाजर. थोडं मांस, पार पांढरं पडलेलं. सगळं खाल्लं तिनं, बशी पुसून. मी म्हटलं, चव तरी लागते का गं? तर म्हणाली, चव नाही लागत आई, पण तुमच्या घराचा वास येतो.” आईनं थर्मास ओट्यावर ठेवला. “मी म्हटलं, अर्धी वाटी देऊ का, भांड्यात आहे घरी, उद्या आणते. तर नको म्हणाली. म्हणाली, आ-साङ रागावतो. रागावत नाही म्हणे, चित्र काढतो.” आई हसली, आणि मग पदराला हात पुसावेत तसे तिनं स्वेटरच्या कडेला हात पुसले, बराच वेळ.

म्हणजे ती सूप प्यायलीच नव्हती. तळाशी ठेवलेल्या त्या शनिवारच्याही खाली अजून एक गोष्ट होती. अकरा महिने तो आईवर रागावला होता आणि त्या रागाच्या आड एक सुख जपून ठेवलं होतं, की त्यानं नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिला हो म्हटलं. मारायचं होतं तर सुपानं मारलं. जाताना तोंडात ती चव होती. भरल्या पोटाचा तो चेहरा अर्ध्या वाटीचा होता. हे त्यानं कधी शब्दांत म्हटलं नव्हतं, पण रोज सकाळी चाचपायचा तो राग नव्हता, हेच होतं. आता ते गेलं. ती अर्धी वाटी तिला कुणीच दिली नव्हती. तिनं शेवटची मागितली ती त्याच्याकडे, आणि त्यानं पेन घेतलं. डॉक्टर म्हणाला होता, कधीकधी काही न खाताही चढतं. तेवढंच वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं. नियम पाळले होते सगळ्यांनी. आईनंही पाळले होते, त्याच्यापेक्षा मुकाट्यानं. कुणाचीच चूक नव्हती. त्यानं काही हलकं झालं नाही.

आईनं टेबलावर वाडगा ठेवला, शेजारी चोथ्याची बशी नेहमीसारखी कडेला सरकवली. “बस. आज शाळेचं काम सांगू नकोस. सूप पी.”

त्यानं बशी पुढं ओढली. सोया सॉसची बाटली तिनं उचलली तर तिचा हात धरून बाजूला केली. “अरे, सूप सोडून चोथा काय खातोस? सगळा जीव पाण्यात उतरलाय त्याचा,” ती म्हणाली. तो खात राहिला. गाजराला गाजराचा आकार होता, बाकी काही नव्हतं. कमळकाकडीचे तंतू दातांत ताणले गेले. मांस ओल्या दोऱ्यासारखं होतं. चव नव्हती, पण गिळताना मागून, नाकाच्या आतून, या घराचा वास आला, हाडांचा, खजुराचा, धुरकट काचेचा, आणि त्याला एकदम ती समोर बसलेली दिसली, ताइ वाइच्या टेबलाशी, बशी पुसून खाणारी, नवऱ्याला कळू नये म्हणून थर्मास धुऊन पालथा घालणारी. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं ते पुसलं नाही. बशी संपवली. मग वाडगा उचलला आणि अकरा महिन्यांनी आईचं सूप प्यायला.

“मीठ?” आईनं विचारलं, त्याच्याकडे न बघता.

त्यानं परत एक घोट घेतला. “मीठ नाहीये, आई.”

“दोन महिने घालतच नाहीये मी,” आई म्हणाली. “दर शनिवारी म्हणायचास, बरोबर आहे. मला वाटायचं, तिची आठवण येते म्हणून घशाखाली उतरत नसेल. म्हटलं, कधीतरी बोलेल.”

 जे बोलायला आला होता ते आता तिला कधीच कळू द्यायचं नव्हतं. त्यानं वाडगा पुढं केला आणि आईनं तो परत भरला, या वेळी मिठाची चिमूट टाकून. खाली मैदानात चेंडू आपटत होता. आई ओट्याकडे वळली, थर्मासमध्ये वाकून तांदूळ नीट घासले गेलेत का ते बघितलं.

“गुरुवारी थोडा चोथाही घालू का रे वरून?” तिनं विचारलं. “तिला सवय झाली होती.”

“नको,” तो म्हणाला. “नुसतं पाणी घाल. काठोकाठ.”

आईनं मान डोलावली. तिनं तांदळाचं पाणी सिंकमध्ये ओतलं, थर्मास विसळला आणि फडक्यावर पालथा घातला.